दोन बोटं आणि एक कान

"अंकल, आपण पळतोय."

गाणं ऐन भरात असताना तिने तारांवरचा हात उचलला आणि एवढंच म्हणाली. तिची बेस गिटार थांबली, मग रेमंडचा कीबोर्ड थांबला, लुर्दिनचा आवाज एका शब्दाच्या मध्येच तुटला. मी मात्र आणखी दोन मात्रा एकटाच बडवत होतो.

"कोण पळतंय?" मी विचारलं.

"आपण. सुरुवात केली त्यापेक्षा लय बरीच वाढलीय."

"आणि तू?"

"तुम्ही पुढे गेलात म्हणून मीही आले. पण मग वाटलं, सांगावं."

वाटलं, सांगावं! सव्वीस वर्षांची पोर. हिच्या लहानपणी पहिल्या कम्युनियनच्या पार्टीत मीच ड्रम्स वाजवले असतील. बावीस वर्षं मी वसईतल्या लग्नांत वाजवत होतो. ग्रँड मार्च, वॉल्ट्झ, शेवटी पहाटेपर्यंत चालणारी नाचाच्या गाण्यांची लड, म्हणजे मसाला, सगळं या दोन हातांनी आणि एका पायाने. एकाही नवरदेवाने, एकाही व्याह्याने कधी म्हटलं नव्हतं की मनवेल रुमाव पळतो.

ही गोष्ट चौऱ्याण्णवची. नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा, म्हणजे आगमनकाळाचा, पहिला रविवार होता. आगमनकाळात आमच्याकडे लग्नं नसतात, त्यामुळे बँड रिकामा होता. आमचा बेसवाला इग्नास ऑक्टोबरात मस्कतला गेला होता. नाताळनंतर लग्नं सुरू होणार, आणि त्याआधी, सतरा डिसेंबरला, आम्ही मुंबईत एक स्टुडिओ घेतला होता. रेमंडने आमच्या बोलीत लिहिलेली लग्नाची चार गाणी, आमची पहिली कॅसेट. बँड रेमंडचा. तो बँकेत नोकरीला, कीबोर्ड वाजवायचा, त्याची बायको लुर्दिन गायची. मी ड्रम्सवर. बेसवाला मिळाला नाही तर कॅसेटही नाही आणि लग्नंही नाहीत, इतकी साधी गोष्ट होती. म्हणून रेमंडच्या घराच्या मागच्या खोलीत त्या रविवारी दोघांना बोलावलं होतं.

पहिला पास्कोल आला होता, भुईगावचा. त्याची फुलांची बाग. चर्चच्या कॉयरमध्ये बेस वाजवायचा, इग्नासकडूनच बघून बघून शिकलेला. रेमंडने त्याला म्हटलं, "जरा एक स्केल वर-खाली वाजव." पास्कोल हसला. "रेमंड, मला सुरांची नावं विचारू नकोस. गाणं सुरू कर, मी येतो मागून."

आणि खरंच आला. दोन बोटं, दोन-तीन सूर, नजर माझ्या पायावर. मी पायातल्या ड्रमवर किक मारली की त्याचा सूर तिथेच. मी रंगात आलो की तोही आला. त्याच्याबरोबर वाजवताना मला वाटलं, मी बावीस वर्षांचा झालो. गाणं संपलं तेव्हा मी काठ्या हवेत उडवून झेलल्या, जे मी दहा वर्षांत केलं नव्हतं. पास्कोलला मी म्हटलं, "बस इथेच. दुसरी येतेय, ती ऐक, मग जेवून जा." तो कोपऱ्यातल्या बाकावर बसला.

दुसरी म्हणजे ही, एल्विना डाबरे. गासला राहायची, तिथल्याच शाळेत शिकवायची. वांद्र्याला एका म्हाताऱ्या मास्तरांकडे सहा वर्षं जाऊन बेस शिकली होती. रेमंडने सांगितलेली स्केल तिने वाजवली, मग चार वेगवेगळ्या पट्ट्यांत तेच गाणं वाजवलं, कागदावर लिहिलेलं होतं तेही वाचून वाजवलं. कुठे आव नाही, कुठे करामत नाही. शाळेत हजेरी घ्यावी तसं. रेमंडचा चेहरा चर्चमधल्या मेणबत्त्यांसारखा उजळला.

पण तिच्याबरोबर पहिलं गाणं वाजवताना मला कसं वाटलं सांगू? पायाला ओली गोणी बांधून कुणी चालायला लावलंय, असं. मी म्हटलं, "मागे राहू नकोस, बाय. ये, ये." दुसऱ्या गाण्यात ती आली. आणि मध्येच थांबून ते म्हणाली.

"रेमंड," मी म्हटलं, "तुला वाटलं आपण पळतोय?"

रेमंडने कीबोर्डवरची धूळ पुसली. तिथे धूळ नव्हती. "थोडं असेल," तो म्हणाला.

"थोडं नाही," एल्विना म्हणाली. उद्धटपणे नाही. तिसरीच्या मुलाला हातचा राहिला ते सांगावं तसं. आणि त्यानेच माझं डोकं फिरलं.

"हे बघ बाय," मी काठ्या स्नेअर ड्रमवर टाकल्या. "बोटं तुझी चांगली आहेत. तुझ्या मास्तरांनी छान शिकवलंय. पण तुला कान नाही. बेसवाल्याला काय लागतं? दोन बोटं आणि एक कान. तुझ्याकडे दहा बोटं आहेत, कानाच्या नावाने बोंब. बाकीचे काय करतायत ते ऐकायचं सोडून तू आपली मोजत बसलीस. लग्नात मोजणारा माणूस लागत नाही."

पास्कोल आपल्या चपलांकडे बघत होता. एल्विनाने बेसची वायर काढली, हाताला गुंडाळली, पिशवीत ठेवली. "येते, रेमंड अंकल," म्हणाली. "येते, आंटी." माझ्याकडे वळून म्हणाली, "येते, अंकल." आणि गेली.

पास्कोलही जेवायला थांबला नाही. बागेत मजूर आलेत म्हणाला.

मग जेवणावर आमची जुंपली.

रेमंड बँकेतला माणूस. त्याने कागदावर रकाने आखले होते: सूर, लय, तयारी, स्वभाव. प्रत्येकाला दहापैकी. माझ्यासमोर कागद सरकवला. मी पेन घेऊन 'तयारी'वर फुली मारली.

"हे काय?"

"बेस जोखताना तयारीचा काय संबंध? गिटारवाल्याची तयारी बघ, कीबोर्डवाल्याची बघ. बेसवाल्याने काय एकट्याने मैफल करायचीय? लग्नात शंभर माणसांत एकालाही बेस ऐकू येत नाही. तो नुसता असावा लागतो."

"असावा लागतो, पण योग्य जागी," रेमंड म्हणाला. "मनवेल, तू लेथवर काम करतोस. सुताचा फरक राहिला तर पार्ट फेकून देतोस. मग इथे कसं चालवून घेतोस?"

"कारण हे लोखंड नाही! गाण्याला जीव असतो. जीव असला की ते थोडं इकडेतिकडे होणारच. ती पोर गाण्याला मोजायचा व्हर्निअर लावते."

लुर्दिन माझ्या ताटात मासळी वाढता वाढता म्हणाली, "पहिल्या गाण्यात मला श्वास पुरला."

"म्हणजे?"

"तिच्याबरोबरच्या पहिल्या गाण्यात. दुसऱ्या कडव्यानंतर मला नेहमी धाप लागते. आज नाही लागली."

"तुला धाप वयामुळे लागते, लुर्दिन."

हे मी बोललो. तिच्याच घरात, तिचंच जेवत. लुर्दिनने उरलेला तुकडा माझ्या ताटात न वाढता परत टोपात ठेवला.

रेमंडने अर्धा तास समजूत घातली. पास्कोल गोड माणूस आहे, तो म्हणाला, पण त्याला पट्टी बदलता येत नाही, स्टुडिओत काय करणार? मी म्हटलं, ज्याला माझा पाय कळतो त्याला सगळं कळतं. तो म्हणाला, ती मुलगी नको म्हणून तर तू हे करत नाहीस ना? बाईने बेस वाजवू नये म्हणून? मी चिडलो. आणि ते खोटं नव्हतं, मला त्याचं खरंच काही नव्हतं. खरं कारण त्याहून वाईट होतं, पण ते त्या दुपारी मलाही माहीत नव्हतं.

शेवटी मी उठलो आणि हात धुतले. "ती किंवा मी. ठरव."

चांगला ड्रमर वसईत आणखी एक होता, पण तो दुसऱ्या बँडचा. रेमंडने कागदाची घडी घातली.

पास्कोलबरोबर आम्ही तीन आठवडे तालीम केली. मजा आली. रोज संध्याकाळी मी कारखान्यातून थेट रेमंडकडे जायचो. लुर्दिन माझ्याशी कामापुरतं बोलायची, रेमंड एखाद्या जागी थांबून "परत घेऊ या का?" म्हणायचा, पण मी आणि पास्कोल म्हणजे एका बैलगाडीचे दोन बैल. मी प्रत्येकाला सांगत सुटलो होतो: टेक्निक म्हणजे काय, भाऊ? माणूस महत्त्वाचा.

सतरा तारखेला शनिवारी सकाळी नऊला आम्ही टेम्पोतून सामान घेऊन स्टुडिओत पोचलो. माहीमला, एका इमारतीच्या तळघरात. तिथले रेकॉर्डिंग करणारे शेवडे म्हणून गृहस्थ होते. साठीचे, स्वेटर घातलेले, फार हळू बोलणारे. त्यांनी माझ्या कानांवर हेडफोन चढवला.

"साहेब, यात तुम्हाला टिकटिक ऐकू येईल. तिला धरून वाजवायचं. मग बाकीचे ट्रॅक त्यावर बसवता येतात."

"मला टिकटिक लागत नाही."

"तुम्हाला नाही लागत हो. मशिनला लागते," ते गोड आवाजात म्हणाले.

टिकटिक सुरू झाली. मी आणि पास्कोलने पहिलं गाणं धरलं. मुखडा छान गेला. पहिल्या कडव्यात ती टिकटिक माझ्या दोन ठोक्यांच्या मध्ये कुठेतरी येऊ लागली, दारात अडकलेल्या पदरासारखी. मी थांबलो.

"शेवडेसाहेब, तुमचं मशिन मागे पडतंय."

काचेपलीकडे शेवड्यांनी मान हलवली. "बघतो हं." त्यांनी काहीतरी केलं. "घ्या."

पुन्हा तेच. मी म्हटलं, मशिन बिघडलंय. त्यांनी दुसरं मशिन आणून जोडलं. तेही बिघडलेलं निघालं. पाच वेळा, सहा वेळा, सात वेळा. दर वेळी मी वेगळं कारण काढलं. हेडफोन घट्ट आहे. किकचं पेडल सैल आहे. खोलीत थंडी आहे. आठव्या वेळी मी टिकटिकीला इतकं घट्ट धरलं की ठेका लंगड्यासारखा चालू लागला, आणि शेवडे म्हणाले, "हे बरोबर आहे साहेब, पण यावर नाचणार कोण?"

मी हेडफोन काढून आपटला. लुर्दिनने डोळे मिटले.

"असं करू," शेवडे म्हणाले. "आधी नुसता बेस घेऊ टिकटिकीवर. त्यावर तुम्ही वाजवा. काहींना तसं सोपं जातं."

पास्कोल एकटा काचेसमोर उभा राहिला. मी बाहेर, शेवड्यांच्या मागे. टिकटिक सुरू झाली आणि पास्कोलची बोटं थांबली. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली, वाजव म्हणून. त्याने सुरुवात केली, चार मात्रांनी अडखळला, पुन्हा काचेतून माझ्या पायाकडे बघू लागला. मी मूर्खासारखा जमिनीवर पाय आपटत होतो.

"तुम्ही पाय हलवू नका साहेब," शेवडे म्हणाले. "ते तुम्हाला बघून वाजवतायत."

मी पाय थांबवला. पास्कोलही थांबला. त्याच्या कपाळावर घाम होता. तो माणूस दिवसाला शंभर रोपांना पाणी घालायचा, वादळात पडलेला मांडव एकट्याने उभा करायचा. मी त्याला तिथे उभं केलं होतं, जिथे त्याला काहीच येत नव्हतं, आणि सगळे काचेतून बघत होते. तिसऱ्या वेळी त्याने बेस काढून स्टँडवर ठेवला.

"रेमंड, मला नाही जमत रे," तो म्हणाला. "उगाच तुमचा दिवस चाललाय."

साडेअकरा वाजले होते. रेमंड जिना चढून वर गेला. समोरच्या दुकानात फोन होता. मला कळलं तो कुणाला फोन करतोय. मला ओरडायचं होतं, पण कशावर ओरडायचं ते सापडेना.

शनिवारची शाळा अर्धा दिवस. पावणेतीन वाजता एल्विना जिन्यावरून खाली आली, शाळेचीच साडी, खांद्याला बेस, हातावर खडूची पूड. लुर्दिनने तिला आधी पाणी दिलं. तिने सगळ्यांना नमस्कार केला, मलाही. पास्कोलला म्हणाली, "तुमच्या जागेवर उभी राहू ना?" पास्कोल म्हणाला, "रहा गं. ती जागा गरम आहे, सांभाळ."

तिने रेमंडचे कागद एकदा नजरेखालून घातले. चारही गाणी टिकटिकीवर एका तासात झाली. मधल्या एका गाण्यात पट्टी बदलत होती, तिथे तिने स्वतःच थांबवून पुन्हा घेतलं, आम्हा कुणाला काही चुकल्यासारखं वाटलंही नव्हतं. आणि कानावर काय पडलं? दोन-तीन सूर. पास्कोल वाजवायचा तेच, जवळजवळ. एकही जादा सूर नाही. मी तिच्या ज्या तयारीवर बोललो होतो, ती तयारी मला शोधूनही ऐकू येत नव्हती.

"आता साहेब तुम्ही," शेवडे म्हणाले. "टिकटिक बंद करतो. तुम्हाला फक्त यांचा बेस देतो."

मी बसलो. गाणं सुरू झालं. मुखडा झाला, कडव्याला माझा हात नेहमीसारखा उचलला गेला आणि मी पुढे निघालो. पण पुढे कुणी नव्हतं. जिना उतरताना आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि तिथे सपाट जमीन लागावी, तसा धक्का बसला. मी मागे आलो. ती तिथेच होती. पुढच्या ओळीला पुन्हा मी निघालो, पुन्हा परत आलो. तिसऱ्या कडव्यापर्यंत मी निघायचंच बंद केलं. अंगातलं काहीतरी सैल झालं. गाणं संपलं तेव्हा मला घाम आला नव्हता. बावीस वर्षांत मी बिनघामाचा कधी उठलो नव्हतो.

"आता कसं," शेवडे म्हणाले. मग त्यांनी, वाईट हेतूने नव्हे, नुसतं दाखवायला म्हणून, सकाळी एकदा मी टिकटिक न जुमानता शेवटपर्यंत वाजवलेला टेक लावला. मी आणि पास्कोल. कसलं धावतं गाणं ते! शेवटाला तर लग्नाच्या वरातीमागे कुत्रं लागल्यासारखं. आणि पास्कोलचा बेस माझ्या प्रत्येक ठोक्याला इमानाने चिकटलेला. मला त्याच्याबरोबर जे रंगणं वाटायचं, ते हे होतं. मी चुकत होतो आणि तो माझ्या चुकीला साथ देत होता, म्हणून ती चूक वाटत नव्हती. त्या मुलीने मला एकट्याला सोडलं होतं, म्हणून ती ओली गोणी वाटली होती.

खोलीत सगळ्यांनी ऐकलं. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. याचा मला फार राग आला. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणजे मला भांडता आलं असतं.

परत येताना टेम्पोत रेमंड म्हणाला, "मी तिला लग्नांसाठी विचारलंय. ती येते म्हणाली. पास्कोलला तू सांग. तूच घ्यायला लावला होतास."

पास्कोल स्टुडिओतूनच परस्पर निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी चर्चमधली सकाळची मिस्सा झाल्यावर मी सायकल काढून भुईगावला गेलो. तो कागड्याच्या कळ्या खुडत होता, कमरेला टोपली बांधून. मला बघून थांबला नाही.

"रेमंडने पाठवलं?"

"मीच आलो."

"मनवेल, खोटं बोलू नकोस. तुला जमत नाही." त्याने दोन कळ्या टोपलीत टाकल्या. "ती येतेय ना बँडमध्ये? चांगलं झालं."

मी रात्रभर भाषण जुळवलं होतं. माझी चूक झाली, तुला तिथे उभं करायला नको होतं वगैरे. त्यातलं पहिलं वाक्य बोलायला लागलो तर त्याने हात वर केला.

"अरे, मला बेस कुठे येतो? मला मनवेल रुमाव येतो. तू पळालास की मी पळतो. तुला मजा यायची, तुझी मजा बघून मलाही यायची. संध्याकाळी घरातून बाहेर पडायला एक निमित्त होतं."

"म्हणजे तुला माहीत होतं? मी पळतो ते?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?" मी ओरडलोच. बागेतल्या बायका बघायला लागल्या. "तीन आठवडे! तीन आठवडे रोज! एकदा बोलायचं ना!"

"ती बोलली होती," पास्कोल म्हणाला. "मी बाकावर बसून बघितलं ना तिचं काय झालं ते."

मी सायकल कुंपणाला टेकवली. पास्कोल पुढच्या ओळीत गेला आणि पाठमोराच म्हणाला, "तिला सांगितलंस का?"

"रेमंडने सांगितलं. येणार आहे ती."

"ते नाही विचारलं मी."

गास तिथून दोन मैल. वाटेत तीनदा मी परत फिरायचं ठरवलं. मनात नुसता वैताग होता: रेमंडचा, शेवड्यांचा, त्या टिकटिकीचा, पास्कोलच्या शांतपणाचा. एवढं काय झालंय? कॅसेट झाली. पोरीला काम मिळालं. आता घरी जाऊन पाय धरायचे का तिचे?

एल्विना ओट्यावर बसून चाचणीचे पेपर तपासत होती. मला बघून उठली. "या, अंकल. बसा."

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो. "त्या दिवशी तू बरोबर होतीस," मी म्हटलं. "मी पळत होतो."

मला वाटलं होतं ती संकोचेल, जाऊ द्या अंकल म्हणेल. निदान आश्चर्य वाटल्यासारखं तरी करेल.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. लाल पेनाचं टोपण लावलं. आणि मग, "आता माहीत आहे."

"आता म्हणजे?"

"त्या दिवशी घरी आले तेव्हा नव्हतं. तुम्ही बावीस वर्षं वाजवताय, अंकल. सगळ्यांसमोर म्हणालात, तुला कान नाही. रेमंड अंकल काही बोलले नाहीत, कुणीच काही बोललं नाही. मला वाटलं, खरं असेल. सहा वर्षं मास्तरांनी उगाच नादाला लावलं असेल." तिने पेपरांचा गठ्ठा सरळ केला. "मास्तर गेल्या वर्षी वारले. विचारायचं कुणाला? मग आईला भिंतीवरचं घड्याळ काढून दिलं. ती सेकंदकाट्याकडे बघून टाळ्या वाजवायची, मी वाजवायचे. रोज शाळेतून आल्यावर एक तास. तीन आठवडे. मी चुकते का ते बघायला."

तिला जे येत होतं, त्यावरचा तिचा विश्वास मी एका वाक्यात काढून घेतला होता, आणि तिकडे तीन आठवडे मजा करत होतो.

आत भांड्याचा आवाज झाला. तिची आई दारात आली, ठेंगणी, डोक्याला फडकं बांधलेली, हाताला तांदळाचं पीठ. मला तिने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हेच का ते?" तिने मुलीला विचारलं.

"आई," एल्विना म्हणाली.

"नाही, विचारते." म्हातारीने दोन्ही तळहात माझ्यासमोर धरले. "टाळ्या पिटून पिटून हात सुजले माझे. या वयात. डॉक्टर विचारतो, काय करता बाई? काय सांगू त्याला? हिला विचारलं, कशासाठी गं हे, तर म्हणते, कुणीतरी चुकतंय, कोण ते बघायचंय." तिने हात पदराला पुसले. "मग? कळलं का? कोण चुकत होतं?"

एल्विना माझ्याकडे बघत नव्हती. ओट्याखाली एक कोंबडी माती उकरत होती.

"मी," मी म्हटलं.

म्हातारीने मान डोलावली. "बसा मग," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.